चमकी सरांचा सोनेरी शंकू

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मुलं चमकी सर म्हणत. ते नाव त्यांनी स्वकष्टाने कमावलं होतं. पुठ्ठा कापून ते घन, शंकू, वृत्तचिती असे आकार करत आणि वर सोनेरी कागद असा चिकटवत की जोड शोधूनही सापडू नये. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस मी माझ्या सगळ्या मास्तरकीत पाहिला नाही. शिकवण्यात धरणारे पुष्कळ होते.

'कृतीतून शिक्षण' हे त्यांचे लाडके शब्द. कृती सगळी त्यांचीच. मुलांनी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बघायचं. "लांबून! घामट हात लावायचा नाही!" असं बजावत ते ठोकळा उंच धरून वर्गभर फिरत. पहिल्या बाकावरच्यांना डिंकाचा वास मिळे, एवढीच काय ती कृती.

घरी कपाटाच्या माथ्यावर या आकारांची रास. "बघा हो भावजी," सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "नातवाला एका हातानं उचलतात आणि तो शंकू दोन्ही हातांनी."

"नातू पडला तर रडून गप्प होतो," सर म्हणाले. "शंकू चेपला की चेपला."

अशात मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली. सरांना ती खुर्ची इतकी हवी होती की येता-जाता तिच्यावरची धूळ ते स्वतःच्या रुमालाने पुसत. तपासणीला येणाऱ्या अधिकारी बाई त्यांचा एक पाठ बघून निर्णय घेणार होत्या. सरांनी विषय निवडला शंकूचं घनफळ. तळ तेवढाच आणि उंचीही तेवढीच असेल, तर तीन शंकू वाळू ओतली की वृत्तचिती काठोकाठ भरते. नवी जोडी तयार झाली, आतूनसुद्धा सोनेरी.

"एकदा वाळू ओतून तरी बघा," मी म्हटलं.

"आणि आतल्या कागदाला ओरखडे? पुस्तकात तीन छापलंय ना, मग तीनच."

पाठाच्या दिवशी सर नेहमीसारखे शंकू उंच धरून उभे राहिले. मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "मुलांना करू द्या की."

सरांचा चेहरा सासरी लेक पाठवणाऱ्या बापासारखा झाला. पुढच्या बाकावरची मुलगी उठली, तिने तीनदा शंकू भरून ओतला. वृत्तचिती वरून चांगली दोन बोटं रिकामी.

"सर, अजून बसतंय."

"सांडलीस तू! पुन्हा ओत."

पुन्हा तेच. मग तिने शंकू उपडा करून वृत्तचितीशेजारी ठेवला. "सर, हा बुटका आहे!" वर्ग खिदळला.

"उंची कुठून मोजलीत, सर?" बाईंनी विचारलं. सरांनी तळाच्या कडेपासून टोकापर्यंत, शंकूच्या उतारावरून बोट फिरवलं. सरळ उभी उंची मोजायची सोडून या थोरांनी तिरकी बाजू मोजली होती! वर्षानुवर्षं शंकू डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या माणसाला शंकूची उंची ठाऊक नव्हती.

"वह्यांत तीन लिहा," सर मुलांवर ओरडले.

"थांबा," बाई हसून म्हणाल्या. "चूक फार कामाची आहे. हा उलगडून दाखवा मुलांना, आणि त्यांच्याकडूनच नवा करून घ्या. मी बसते."

एवढंच करायचं होतं. कात्री टेबलावर होती, मुलं बाकांवरून अर्धी उठली होती. सरांनी शंकू छातीशी धरला.

"बाई, हा कागद आता बाजारात मिळत नाही हो."

बाईंनी पर्स उचलली. मुख्याध्यापकपद भाषेच्या बाईंना मिळालं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. "झालं का काम?" वहिनींनी दारातच विचारलं.

"वाळूच जाड होती," सर म्हणाले, आणि शंकू ठेवायला स्टूल आणायला गेले.