रिकाम्या गल्लीतला नाच

ही गोष्ट मी इतकी वर्षं घरातही सांगायचं टाळलं. परवा जव्हारला कुणी भिंत गेरूने सारवत होतं, त्या ओल्या वासाने ती वर आली. मी तेव्हा चित्रकलेचा शिक्षक होतो आणि एका वारली प्रदर्शनाची मांडणी माझ्याकडे होती. वांगणीच्या एका बाईंनी पेपरातला लढाईचा फोटो पाहून गेरू दिलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाने शहर काढलं होतं. पडकी घरं, उघडी दारं आणि मधे रिकामी गल्ली. चित्र अर्धवट राहिलं असं समजून मी त्या गल्लीत तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं काढली. बाई आल्या आणि बघतच राहिल्या. "गुरुजी, माणसांच नाय उरली, तं नाचंल कोण?" मी हसलो. "अहो, नाचाशिवाय वारली चित्र असतं का?" प्रदर्शन संपल्यावर त्या कापड गुंडाळून घरी घेऊन गेल्या. काल न राहवून वांगणी गाठली. त्यांच्या मुलीने ते कापड उलगडलं. "आयनं घरी आणल्याआणल्या तुमची माणसां गेरूनं बुजवली," ती म्हणाली. गल्ली पुन्हा रिकामी होती. मी ओट्यावर बसलो, फार हायसं वाटलं. पण बाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या. त्यांना सांगायचं राहिलं ते एवढंच: बाई, मी चुकलो, तुमचं चित्र पुरं होतं.