रस्त्यावरचं धरत नाहीत

डिपरकाकांना भाषण करता येत नाही हे सगळ्या डेपोला माहीत होतं. तरी रस्त्यावर ड्रायव्हरांनी एकमेकांशी नीट कसं बोलावं यावर चार शब्द सांगायला मॅनेजरसाहेबांनी त्यांनाच उभं केलं. घाटात लागोपाठ दोन बसचे आरसे समोरच्या गाड्यांना घासून तुटले होते, वरून विचारणा झाली होती, आणि निवृत्तीला आलेला माणूस कुठल्याही कामाला जुंपायला बरा असतो असं ऑफिसांना फार पूर्वीपासून वाटत आलं आहे.

काका वर्कशॉपमध्ये टायरच्या ढिगापुढे उभे राहिले. घसा खाकरला. "हॉर्न कमी वाजवा," एवढं म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले. मॅनेजरसाहेबांनी डोळे मोठे केले, तेव्हा नाइलाजाने त्यांनी उजवा हात वर केला आणि मग मात्र गाडी लायनीला लागली. काकांचं बोलणं तोंडातून कधी नीट आलंच नव्हतं, ते हातातून यायचं. पंजा खाली दाबून दाखवला : पुढे काहीतरी आहे, हळू घे. बोट हवेत गरगर फिरवलं : तुझं मागचं चाक बघ. मूठ उघडली, मिटली : दिवा चालू राहिलाय. मग त्यांनी घाटातल्या अरुंद पुलाचं सांगितलं. तिथे एका वेळी एकच गाडी जाते, तर ज्याने डिपर दिला तो थांबला असं समजायचं. "दिवा दाखवायचा तो 'हट' म्हणायला नाही. 'या' म्हणायला," काका म्हणाले. या एका गोष्टीपायीच त्यांना डिपरकाका हे नाव पडलं होतं.

नवी पोरं हौसेने हात हलवून बघायला लागली. एकाच्या पंजाने दुसऱ्याचा चहा सांडला. तेवढ्यात मागून काकांच्याच बसचा कंडक्टर म्हणाला, "काका, आणि कपाळाला दोन बोटं लावता ती कशासाठी? त्या दुधाच्या टँकरवाल्याला दाखवता बघा रोज."

वर्कशॉपभर हशा पिकला. टँकर काकांचा सख्खा धाकटा भाऊ चालवतो आणि या दोघांचं बोलणं बंद आहे, हेही डेपोला माहीत होतंच. पाठच्या भावाशी अबोला धरलेला माणूस संवादावर भाषण देतोय म्हटल्यावर कोण सोडणार?

"ते खासगी आहे," काका म्हणाले आणि खाली बसले.

आता तो अबोला. कारण सांगायचं म्हणजे सांगणाऱ्यालाच लाज वाटते. घरचे सगळे एका लग्नाला निघाले होते. भाड्याची जीप, चाकावर थोरला, शेजारी धाकटा, मागे दोघांच्या बायका आणि आहेराची पितळी भांडी. चढावर जीप चौथ्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली. धाकटा साध्या आवाजात म्हणाला, "दादा, तिसरा टाक." थोरल्याने ऐकलं नाही. थोड्या वेळाने धाकटा पुन्हा म्हणाला, "तिसरा टाक, दादा, चौथ्यात नाही चढणार." थोरल्याने जीप कडेला घेतली, हात लांब करून धाकट्याच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "उतर." धाकटा उतरला. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण धाकट्याला मागून वाळूचा ट्रक मिळाला, आणि इकडे जीप त्याच चढावर बंद पडली. थोरला पोचला तेव्हा धाकटा जेवून हात धुवत होता. सगळा मांडव हसला. एकाला रस्त्यात उतरवल्याचा राग, दुसऱ्याला आपल्या आधी पोचल्याचा. तेव्हापासून दोघे एकाच अंगणात दोन दारांनी राहतात आणि समोर आले की एक जण छप्पर बघतो, एक जण चप्पल.

जावा-जावांचं मात्र उत्तम चाललं होतं. मधल्या भिंतीवरून वाट्या जायच्या, बातम्या जायच्या, आणि आपापल्या नवऱ्याला किती अक्कल आहे यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

पण रस्त्याची गोष्ट वेगळी. काकांची बस सकाळी घाट उतरायची, धाकट्याचा टँकर दुधाने भरून घाट चढायचा, आणि दोघांची गाठ पुलाच्या आसपास पडायची. समोर ड्रायव्हर आला की त्याला पुढचा रस्ता सांगायचा हा धंद्याचा धर्म, मग तो ड्रायव्हर सख्खा भाऊ का असेना. अबोल्याच्या पहिल्याच आठवड्यात घाटात दरड पडली होती आणि काकांना पंजा दाबून दाखवावा लागला. धाकट्याने मान हलवली. घरी आल्यावर काकांनी चपला दोनदा नीट लावल्या. मग बायकोला म्हणाले, "रस्त्यावरचं बोलणं धरत नाहीत."

"मी काही विचारलं का?" काकू म्हणाल्या.

एकदा धरत नाहीत असं ठरलं म्हटल्यावर बोलणं वाढत गेलं. कपाळाला दोन बोटं म्हणजे घरी सगळं ठीक. गालाखाली तळहात म्हणजे कोणीतरी आजारी. काकूंचा मोतीबिंदू काढला तेव्हा काकांनी एक डोळा मिटून टँकरकडे पाहिलं, आणि पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी त्याबद्दल कंडक्टरकडे तक्रार केली. धाकट्याच्या मुलीला मुलगा झाला त्या दिवशी तर धाकट्याने पुलाच्या तोंडाशी उभ्या टँकरमध्ये दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि हवेत झोका दिला. "दोन्ही हात सोडले मूर्खाने," काका ओरडले, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हॉर्न कमी वाजवा म्हणणारा हा माणूस पूल संपेपर्यंत हॉर्नवर बसला. संध्याकाळी भिंतीवरून रीतसर बातमी आली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटल्याचं सोंग करावं लागलं. ते काही त्यांना जमलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मध्येच निवृत्ती आली.

भाषणाच्या दिवशी डेपोतून घरी येताना काकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की बस गेली की समोरची काचही गेली. काच नाही म्हणजे धाकटा नाही. अंगणात तो रोज दिसेल, पण अंगण म्हणजे रस्ता नव्हे. तिथे बोललेलं धरतात. पेन्शन किती बसेल, दिवस कसा जाईल, गुडघ्याचं काय, हे सगळं त्यांनी पूर्वीच विचार करून ठेवलं होतं. हे एकच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयत्न करून पाहिला. धाकटा अंगणातल्या नळावर तोंड धूत होता. काका पायरीवर उभे राहिले आणि कपाळाकडे हात न्यायला लागले. अर्ध्या वाटेवर हात अडला, मग त्यांनी डोकं खाजवलं. धाकट्याने चप्पल बघितली. आत आल्यावर काका कपाटाच्या आरशासमोर दोन बोटं वर-खाली करत राहिले.

"डास आहे का?" काकूंनी विचारलं.

"हं."

"मग जाऊन सरळ बोला त्या डासाशी. मोठे आहात तुम्ही."

"तेच तर," काका म्हणाले.

शेवटच्या दिवशी बस पुलाशी आधी पोचली. पलीकडे टँकर दिसला. काकांनी गाडी उभी केली आणि डिपर दिला : ये. टँकरनेही उभं राहून डिपर दिला : तू ये. काकांनी पुन्हा दिला. टँकरने पुन्हा दिला. मधला पूल मोकळा होता, इतका मोकळा की एक कुत्रं सावकाश त्याच्या मधोमध चालत गेलं. दोन्ही बाजूंना गाड्या साठायला लागल्या. एका मोटारवाल्याने खाली उतरून पूल पडलाय का ते वाकून बघितलं. एक आजोबा म्हणाले, पूर्वी असं नव्हतं, पूर्वी लोक भांडायचे पण जायचे.

"काका," कंडक्टर जवळ येऊन हळूच म्हणाला, "लोकांना कामं आहेत."

"त्याने डिपर दिलाय."

"तुम्हीपण दिलाय."

"मग थांबायला नको?"

काकांना पूल ओलांडायचाच नव्हता, हे कंडक्टरला कळलं. एरवी टवाळी करणारा तो माणूस, त्याने गुपचूप दाराची कडी नीट केली, नसलेल्या तिकिटाचे सुटे मोजल्यासारखं केलं आणि काकांना अजून थोडा वेळ दिला. शेवटी मागच्या ट्रकने इतक्या वाईट शब्दांत हॉर्न दिला की काकांना पहिला गिअर टाकावाच लागला. बस पूल ओलांडून टँकरच्या बरोबरीला आली. काकांनी कपाळाला दोन बोटं लावली आणि तशीच ठेवली. धाकट्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तो समोर बघत राहिला. हात काही वर आला नाही.

डेपोत पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली गेली, मॅनेजरसाहेबांनी घड्याळ दिलं, कोणी काय बोललं ते काकांच्या कानापर्यंत आलंच नाही. घरी येऊन ते खुर्चीत बसले ते बसलेच. चांगले जेवत होते, झोपत होते, पण कोणी काही विचारलं की मान हलवायचे. काकूंनी दोन-चार दिवस वाट पाहिली आणि मग पदर खोचून भिंतीपाशी गेल्या. तिथून परत आल्या त्या सरळ खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी म्हणत होते म्हणे तिच्याजवळ, की त्या दिवशी हात केला असता तर तो शेवटचा ठरला असता. म्हणून नाही केला."

काकांनी छपराकडे पाहिलं. मग रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

"असं म्हणाला?"

"असं म्हणाले. आता तुम्ही दोघं काय करायचं ते करा. आम्ही दोघींनी भिंतीला टेकून पाठ मोडून घेतली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दाढी केली, ड्युटीचा खाकी शर्ट घातला आणि भाजीची पिशवी घेऊन निघाले. बाजार डावीकडे होता, ते उजवीकडे वळले. घाट जिथे सुरू होतो त्या वळणावर जाऊन ते कडेच्या दगडापाशी उभे राहिले. पायी माणसाने काय खूण करायची हे त्यांना माहीत नव्हतं. जन्मभर त्यांनी हात दाखवणाऱ्यांना पाहिलं होतं ते चाकामागे बसून, आणि त्यातल्या अर्ध्यांसाठी बस थांबवली नव्हती. ते आज त्यांना आठवलं आणि वाईट वाटलं.

टँकर वळणावर दिसला. काकांचा हात आपोआप वर गेला, दोन बोटं कपाळाला लागली. टँकर पुढे निघून गेला, मग दिवे लाल झाले आणि तो थांबला. काका गुडघा सांभाळत पोचले तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं, आणि धाकटा सरकून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला होता. त्याने रिकाम्या सीटवर फक्त दोन थापा मारल्या.

डेअरीच्या नियमांत हे अजिबात बसत नव्हतं. काकांना नियम पाठ होते, त्यांनी पिशवी आत टाकली आणि वर चढले.

टँकर म्हणजे बस नव्हे. बसमधली माणसं वळणावर ओरडतात, दूध काही न सांगता एका बाजूला जातं. पहिली दोन वळणं काकांनी जीव मुठीत धरून घेतली. धाकटा काचेतून समोर बघत होता, मांडीवर हात ठेवून, जीपमध्ये बसला होता अगदी तसाच, डाव्या बाजूला, दाराला चिकटून. पुढे मोठा चढ लागला. काकांनी गाडी चौथ्यात रेटली. इंजिन धापा टाकायला लागलं, सगळी केबिन थरथरू लागली, काचेवर लटकवलेला फडक्याचा बोळा नाचू लागला. धाकट्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने एकदा गिअरच्या दांड्याकडे पाहिलं, मग आपल्या बाजूच्या दाराच्या कडीकडे पाहिलं आणि पुन्हा समोर. काकांनी ते पाहिलं. गाडी आता पायी माणसाच्या वेगाने चालली होती.

"दादा," धाकटा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी असावा, त्याने घसा साफ केला. "दादा, तिसरा टाक."

काकांनी क्लच दाबला आणि तिसरा टाकला.