लिंबाएवढी कणीक

मामांना ढोल वाजवता येत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, चपला शिवणारा काय रोज शर्यतीत पळतो?"

चाळीस वर्षं ते ढोल मढवत आले. कातडं ताणायचं, चामड्याच्या वाद्या आवळायच्या, एका बोटाने टिचकी मारायची, कान तिरका करायचा. मग लाकडाचा छोटा गट्टू वादीखाली केसभर सरकवायचा. पुन्हा टिचकी. पुढचं काम वाजवणाऱ्याचं.

वाजवणारा त्यांचा सख्खा भाचा होता. नावाजलेला. त्याने एकदा मंचावरून सांगितलं, "हा माझ्या मामांचा ढोल." तेव्हापासून ते सगळ्यांचेच मामा झाले. माझेही.

आमची ओळख कामातून झाली. साहित्यात एम.ए. केल्यावर जी कामं मिळतात, त्यातलं एक मला मिळालं होतं. लोककला मेळाव्यात प्रत्येक कारागिराच्या जागेपुढे चार ओळींची पाटी लावतात. त्या चार ओळी मी लिहायच्या. मी मामांकडे तीस प्रश्न घेऊन गेले. त्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं आणि वादीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. तोंड चालतंय तोवर हातही चालू दे." त्या दिवसापासून दर गुरुवारी मी वादी धरायला जाऊ लागले. ते मला पुस्तकबाई म्हणत.

त्यांची खोली धाकट्या भावाच्या टायरच्या दुकानामागे होती. एक खिडकी. कोपऱ्यात टब, त्यात भिजत घातलेली कातडी. भिंतीला ढोलांची लाकडी खोडं टेकवलेली. वास असा की पहिले दोन गुरुवार मी जेवले नाही. भाऊ दाराशी येऊन नाक धरायचा.

"दादा, वास तुझा, गिऱ्हाईक जातं माझं."

"रबराला काय अत्तराचा वास येतो का रे?"

"ते राहू दे. वर्ष संपायच्या आत खोली मोकळी कर, एवढंच म्हणतो. मला माल ठेवायला जागा नाही."

हे भांडण नव्हतं. भाऊ रोज त्यांना चहा पाठवायचा. पण त्याला खोली हवीच होती.

आता कणकेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

ढोलाचं एक तोंड बारीक, एक रुंद. वाजवायच्या अगदी आधी रुंद तोंडावर मधोमध ओली कणीक थापतात. लिंबाएवढा गोळा. त्याने आवाज खाली उतरतो, जड होतो. वाजवून झालं की खरवडून टाकायची. दर वेळी ताजी. फक्त पीठ आणि पाणी. मीठ अजिबात नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कातडं सैल पडतं. मामांच्या वडिलांनी त्यांना आयुष्यात एकदाच मारलं, ते घरातली मिठाची कणीक लावली म्हणून. तेव्हापासून नियम होता. चाखल्याशिवाय कणीक ढोलाला लागायची नाही. कच्ची कणीक जिभेवर ठेवायची, मग थुंकायची.

गेल्या हिवाळ्यात मामांना ताप आला. महिनाभर राहिला. गेला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. मामी चहात साखरेऐवजी काहीही घालून बघायच्या. मामा शांतपणे प्यायचे. "मस्त झालाय," म्हणायचे. मामी पदराने डोळे पुसत हसायच्या.

हे त्या दोघांना आणि मला माहीत होतं. भाच्याला सांगायचं नाही, असं मामांनी बजावलं होतं. "आधीच तो कारखान्याच्या, प्लॅस्टिक मढवलेल्या ढोलावर वाजवतोय. त्याला वाटेल म्हातारा मोडीत निघाला." मग मामी कणीक मळायच्या, मामी चाखायच्या, मामा लावायचे. काम चालू राहिलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला संगीतशाळेच्या मोठ्या बाई आल्या. टबाकडे न बघता खुर्चीच्या कडेवर बसल्या. शाळेत ढोलाचा वर्ग सुरू होणार होता. मामांना शाळेत एक खोली द्यायची, हाताखाली शिकायला दोन जण द्यायचे, असा विचार होता. मामांचा हात गुडघ्यावर स्थिर झाला. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे शिकायला कुणी आलं नव्हतं.

"पण मला शंका आहे," बाई म्हणाल्या. "चामड्याचा ढोल दिव्यांखाली टिकत नाही. मी तीन वर्षं हेच बघतेय. कारखान्याचा ढोल पावसात ठेवा, उन्हात ठेवा, बोलतोच."

"बोलतो," मामा म्हणाले. "पण एकच वाक्य बोलतो."

बाई हसल्या. मग ठरलं. मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी भाच्याने मामांचा ढोल वाजवायचा. पूर्ण एक तास, मोठ्या दिव्यांखाली. ढोल टिकला तर खोली मामांची. नाही टिकला तर शाळा कारखान्याचे ढोल घेणार.

मामांनी दोन महिने तो एक ढोल केला. दुसरं काम घेतलं नाही.

मेळावा तीन दिवसांचा. एका बाजूला मंच, एका बाजूला कारागिरांची रांग, आणि दोरीपलीकडे खाण्याची रांग. यंदा नियम कडक होते. खाण्याची कुठलीही वस्तू कारागिरांच्या रांगेत न्यायची नाही. शेवटच्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने मामांची पिशवी उघडली. आत पिठाचा डबा.

"हे आत जाणार नाही."

"अहो, हे खायचं नाही. वाजवायचं आहे."

"पीठ वाजवता?"

"ढोलाला लावतो."

"काका, तीन दिवसांत लोकांनी मला काय काय सांगितलं. हे मात्र नवीन आहे." त्याने डबा टेबलाखाली ठेवला. "जाताना घेऊन जा."

मी ओळखपत्र दाखवलं. त्याने ते वाचलं आणि मला परत दिलं. मामी नव्हत्या. लेकीचं बाळंतपण होतं, त्या चार दिवसांपूर्वीच तिच्याकडे गेल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या होत्या, "कणीक ते मळतील. चाखायची मात्र तू. विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. मी विसरले नव्हते.

मंचामागे पोचलो तेव्हा भाचा तयार होता. निवेदकाने त्याचं नाव घेतलं होतं. मामा म्हणाले, "पुस्तकबाई, पळ. खाण्याच्या रांगेतून कणीक आण. लिंबाएवढी. बिनमिठाची."

मी पळाले. दोरीखालून वाकून गेले. पहिल्याच दुकानात पाववाल्या काकू भट्टीपुढे उभ्या होत्या. त्यांच्यापुढे परात, परातीवर ओलं फडकं.

"काकू, लिंबाएवढी कणीक द्याल? ढोलाला हवीय."

"कशाला?"

"ढोलाला. आत्ता. प्लीज."

गिऱ्हाईकांची रीघ लागलेली. त्यांनी फडकं उचललं, एक गोळा तोडला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे बाई, ढोलाचंही पोट भरू दे." आजूबाजूचे हसले. मीही हसले. मिठाचं विचारलं नाही. पळत परत आले.

मामांनी गोळा हातात घेतला. अंगठ्याने दाबला. "फार मऊ आहे."

"ताजी आहे," मी म्हणाले.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, द्या आता." मामांनी माझ्याकडे पाहिलं. भाच्यासमोर त्यांना ती स्वतः चाखायची नव्हती. चाखून कळणारही नव्हतं.

"चाखलीस?"

"हो," मी म्हणाले.

दम लागला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. 'हो' म्हणणं पाव सेकंदाचं काम होतं. चाखायलाही तेवढाच वेळ लागला असता.

मामांनी कणीक लावली. कडा बोटाने दाबून गोल केल्या. टिचकी मारली. आवाज बरोबर होता.

पहिली पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. मी विंगेत मामांच्या शेजारी उभी होते. तो आवाज पायांतून वर यायचा. पुढच्या रांगेत मोठ्या बाई होत्या. त्यांनी मांडीवर ठेका धरला होता. मामा मंचाकडे बघत नव्हते. मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते.

विसाव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले.

"सुटतोय," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. मला आवाज तसाच वाटत होता. मग दिसलं. दिव्यांच्या उष्णतेत ती कणीक फुगत होती. सपाट चकती होती, तिची उशी झाली. भाच्याचा तळहात तिच्यात रुतला आणि उचलताना तारा निघाल्या. त्याने हात मांडीला पुसला, वाजवत राहिला. पुढच्या थापेला एक तुकडा उडून त्याच्या कपाळावर बसला. पहिल्या रांगेत कुणी तरी हसलं. मग दुसऱ्या रांगेत. वाईट हसणं नव्हतं. कुणालाही हसू आलं असतं. ढोलाचा आवाज आता ओल्या गादीवर मारल्यासारखा येत होता.

भाच्याने विंगेकडे पाहिलं. मामांकडे नाही, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मदतनिसाकडे. कारखान्याचा ढोल तिथे तयार होता. तो ढोल मंचावर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेली चाळीस मिनिटं कार्यक्रम उत्तम झाला.

मामांचा ढोल विंगेत परत आला. ते खाली बसले. कणकेत बोट घातलं, ताणलं, आतली भोकं पाहिली.

"पावाची आहे," ते म्हणाले. "यीस्ट घातलेली. मीठही असणार."

"मामा, मी चाखली नव्हती."

ते कणीक खरवडत राहिले. "चाखणारा थुंकतो," ते म्हणाले. "तू थुंकली नाहीस. तेव्हा लक्षात आलं नाही माझ्या. आता आलं."

तेवढ्यात भाचा घाम पुसत आला. त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"मामा, ढोल सुरेख होता हो. पण मी काय करणार? हजार माणूस समोर."

"बरोबर केलंस."

"कणीक कुणाची होती?"

"माझी," मामा म्हणाले. "हात चुकला. वय झालं."

मी शेजारीच उभी होते. तरी मी ते तसंच जाऊ दिलं. भाच्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या ठेवतात. ते सगळ्यात वाईट होतं.

मग मात्र मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या गाडीत बसत होत्या. मी सगळं सांगितलं. फाटक, डबा, परात, माझं खोटं. ढोलाची चूक नाही, चामड्याची नाही, मामांची तर नाहीच. माझी.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. दार धरून उभ्या राहिल्या.

"म्हणजे चुकीचा एक गोळा लागला आणि ढोल गेला," त्या म्हणाल्या.

"हो, पण..."

"अगं, तेच तर मी सांगत होते. आमची मुलं आठ-आठ वर्षांची. रोज कणीक कोण मळणार? कोण चाखणार?"

त्या रागाने बोलत नव्हत्या. उलट माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगून मी मामांची उरलीसुरली बाजूही मोडून टाकली होती. गाडी गेली.

फाटकावर रखवालदाराने पिठाचा डबा आठवणीने परत दिला. "वाजलं का पीठ?" त्याने विचारलं.

"वाजलं," मामा म्हणाले.

महिन्याने मामी आल्या. नातीचे फोटो दाखवून झाले. मग त्यांनी विचारलं, "कणीक कुणी चाखली होती?" मामा गट्टू ठोकत राहिले. मी म्हणाले, "कुणीच नाही." मामींनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चहा ठेवायला उठल्या.

कारखान्याचे ढोल शाळेत आले. मी अजून गुरुवारी जाते. अर्ध्या खोलीत आता टायर आहेत. टब बाहेर गेला. नवं काम येत नाही. तोच एक ढोल राहिला आहे. मामा त्याच्या वाद्या सोडतात आणि पुन्हा आवळतात. मी टोक धरते.

परवा मामींनी कणीक मळली. कुणी मागितली नव्हती. लिंबाएवढा गोळा केला आणि मामांना न देता माझ्या हातावर ठेवला.

मी चिमूट तोडून जिभेवर ठेवली. पीठ आणि पाणी. खिडकीबाहेर थुंकले. मामा बघत होते.

"मीठ?"

"नाही."

त्यांनी कणीक लावली. कडा दाबल्या. टिचकी मारली. तो आवाज आला, पायांतून वर येणारा. आम्ही तिघं ऐकत राहिलो.

दारात भावाचा माणूस चार टायर घेऊन उभा होता. "दादा, हे कुठे ठेवू?"

मामांनी ढोल उचलून मांडीवर घेतला. तो होता तिथे जागा झाली.

"इथे ठेव," ते म्हणाले.