सप्तमीचा पाठ

मला मास्तरीण व्हायचं होतं. आयुष्यात हट्टानं धरलेली ही माझी एकच इच्छा. अण्णा रेल्वेत गार्ड. अमळनेर सुटल्यावर बदल्यांमागून बदल्या होत आम्ही जयपूरच्या क्वार्टरात येऊन पडलो होतो. ही ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. तिथल्या प्राथमिक शिक्षिकांच्या ट्रेनिंगला मी नाव घातलं. दोन वर्षं आम्हाला काय शिकवलं, तर खडू कसा धरायचा, वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर कसं लिहायचं आणि मूल चुकलं तर त्याला न दुखवता पुन्हा कसं विचारायचं. शेवटचा पाठ बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर घ्यायचा. तो फसला तर सगळं मुसळ केरात. त्यात अण्णांची पुढची बदली तोंडावर आलेली, म्हणजे आणखी वर्षभर थांबून परीक्षा द्यायची मला सोय नव्हती.

माझा विषय होता पाण्याची वाफ. बाकीच्या मुली चार्ट रंगवत होत्या. मला मेलीला शहाणपण सुचलं, खरी वाफ दाखवायची. घरचा वातीचा स्टोव्ह, पातेलं आणि थेंब धरायला स्टीलचं ताट. शाळा टोंक रोडवर, चाकसूच्या अलीकडच्या एका वस्तीत. अण्णांनी रात्रपाळी संपवून, न झोपता, सगळं सामान बसवर चढवून दिलं. बसमध्ये ट्रेनिंगच्या एका मैत्रिणीनं डबा उघडून गार पुए, आपल्या घारग्यांसारखे, पुढे केले. "कल का बचा हुआ खिला रही है?" म्हणून मी तिला चिडवलं. "आज यही खाते हैं," ती म्हणाली. मी दोन खाल्ले आणि पुढे काही विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त पाठ होता.

होळीनंतरची सप्तमी होती. आमच्या गावाकडे शीतला सप्तमी येते श्रावणात, आणि आमच्या घरी तर तीही नाही. आजोबा बौद्ध झाले तेव्हा त्यांनी घरचे देव नदीत सोडले, ते सोडलेच. आई हे मान ताठ करून सांगायची आणि मलाही ते ऐकताना बरं वाटायचं. पण त्यामुळेच त्या वस्तीत या सप्तमीला चूल पेटत नाही, सगळे आदल्या दिवशीचं गार खातात, आग लावली तर माता कोपते आणि देवी-कांजिण्या होऊन पोरांच्या अंगावर उठते, हे मला कोण सांगणार होतं? जत्रेची सुट्टी दुसऱ्या दिवशी होती. शाळा भरलेली होती, मुलं ओळीत बसलेली होती.

मी स्टोव्ह टेबलावर ठेवून काडेपेटी काढली तसा वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, मुलांचं लक्ष लागलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. "बहनजी, आज आग नहीं जलाते. माता रूठ जाएगी."

परीक्षक मागच्या बाकावर पेन घेऊन बसलेले. मी थांबले असते तर पाठ तिथेच संपला असता. शिवाय वाफेचा पाठ मुलांना असल्या भीतीतून बाहेर काढायलाच असतो, असं मी मनापासून मानत होते. मी तिला गोड आवाजात म्हटलं, "बेटा, आग से कोई नहीं रूठता." आणि काडी ओढली.

मुलगी रडत बाहेर पळाली. तिच्यामागे वर्ग रिकामा झाला. थोड्या वेळात फाटकाशी बायका जमल्या, एक म्हातारी छाती पिटत होती. मी स्टोव्ह विझवला, पण आता विझवून काय होणार? हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "आपके यहाँ माता को नहीं मानते?"

"नहीं जी."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "कौन लोग हो आप?"

मी सांगितलं. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

पंधरवड्यात त्या मुलीला कांजिण्या आल्या. चैत्रात पोरांना येतातच. ती बरीही झाली. पण वस्तीच्या लेखी ते माझंच पाप होतं. सुट्टी लागायच्या आत पाठ पुन्हा द्यायची एक मुभा निघाली होती, पण हेडमास्तरांनी ट्रेनिंगच्या शाळेत निरोप धाडला, कुणालाही पाठवा, ती नको. दुसऱ्या दोन शाळांत मी स्वतः जाऊन पाहिलं. माझ्याआधी माझी गोष्ट तिथे पोचली होती. त्या उन्हाळ्यात अण्णांची बदली झाली आणि आम्ही जयपूर सोडलं. अर्धवट ट्रेनिंगला पुढे कुठेच कुणी विचारलं नाही. लग्न झालं, संसार झाला. शाळेच्या घंटेचा आवाज आला की मी आजही खिडकी लावून घेते.

जयपूर सोडताना बांधाबांध चालली होती तेव्हा आई माझ्याजवळ येऊन बसली. "रडू नको पोरी. तू काहीच चुकली नाही."

तेच तर माझ्या जिवाला लागलं होतं. चूक कशी सुधारायची, हे मला दोन वर्षं शिकवलं होतं. चुकले असते तर ती सुधारली असती.