आप्पांच्या बसचे दोन डावे व्हॉल्व्ह

रस्ता रुंद झाला आणि आप्पांचं सलून त्यात गेलं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. आप्पांनी लिलावातली जुनी बस घेतली, सीटा काढून दोन खुर्च्या आणि तीन आरसे बसवले आणि ती बागेच्या फाटकाशी कायमची उभी केली. बस मोठी नखरेल. तिला खाली रबरी फुगे होते. माणसं चढली-उतरली की फुग्यांतली हवा कमीजास्त होऊन ती आपली आपण सपाट राहायची. त्यासाठी आप्पांनी विजेवरचा हवेचा पंपही लावला होता.

एका खुर्चीवर आप्पा केस कापायचे, दुसरीवर त्यांची बायको, काकू. आप्पांच्या हाताचा भांग पाहून सुतारानं फळी कापावी, इतका सरळ. पण दुकानात काही विकत घ्यायचं म्हटलं की याच माणसाची बुद्धी शेण खायला जायची. एकदा गादी आणायला गेले आणि छत्री घेऊन आले.

एके दिवशी वजनमापे निरीक्षक तणतणत बसमध्ये चढले. देह आडदांड, मिशी झुपकेदार, पण एका बाजूला उतरलेली.

"आप्पा, ही मिशी आहे की घसरगुंडी?"

"साहेब, तुम्ही मान वाकडी धरली असेल."

निरीक्षकांनी पिशवीतून पाणसळ काढून जमिनीवर ठेवली. बुडबुडा पळत टोकाला जाऊन बसला. "मान नाही, तुमचं दुकान वाकडं आहे!"

महिनाभर निम्मी वस्ती तिरक्या केसांनी का हिंडत होती, याचा तेव्हा कुठे उलगडा झाला.

काकूंनी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीताईंना बोलावलं. ताई बसखाली शिरल्या आणि आतूनच ओरडल्या, "आप्पा, दाढीचा ब्रश द्या! भरपूर फेस करून!"

बाईचं डोकं फिरलं, असं आप्पांना वाटलं. पण ताईंनी तो फेस मागच्या दोन्ही व्हॉल्व्हना फासला, आणि दोन्हीकडे फुर्र फुर्र बुडबुडे उठले.

"दोन्ही गळतायत," ताई म्हणाल्या. "व्हॉल्व्हची ही दांडी पाहिलीत? बस दबली की ही वर जाते आणि फुग्यात हवा भरते. बस उचलली की खाली येते आणि हवा सुटते. एवढंच काम. नवे आणताना जुने सोबत न्या, जुळवून घ्या. आणि मी येईपर्यंत हात लावू नका."

बस ठोकळ्यांवर टेकवून, जुने व्हॉल्व्ह आप्पांच्या हाती देऊन, ताई बहिणीच्या बाळंतपणाला तीन दिवस निघून गेल्या.

पार्टच्या दुकानात दुकानदारानं अकरा नमुने मांडले. "डाव्या हाताचा की उजव्या? लगेच काम करणारा की थोडं थांबून?"

आप्पांना दरदरून घाम फुटला. जुने व्हॉल्व्ह टॉवेलात गुंडाळून पिशवीत होते, ते आठवलेच नाहीत. "लगेच," ते म्हणाले. "थांबायला कुठल्या गिऱ्हाइकाला आवडतं?"

"आणि हात?"

"दोन्ही एकसारखे द्या, जोडी शोभली पाहिजे. हे चकचकीत."

"अहो काका, पण..."

पण काका दाराबाहेर पोचलेही होते.

घरी काकू म्हणाल्या, "अहो, ताईंनी हात लावू नका म्हटलंय ना?"

"अगं, वीस वर्षं वस्तरा चालवतोय. पाना काय जड आहे?"

त्यांनी व्हॉल्व्ह बसवले, पंप लावला, ठोकळे काढले. बस झकास सपाट! आप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी लगेच निरीक्षकांना निरोप धाडला.

निरीक्षक उजव्या खिडकीशेजारच्या खुर्चीत टेकले. आप्पांनी गालांना फेस लावला, काकूंनी टॉवेल धरला. तेवढ्यात उजवी बाजू जराशी दबली, आणि तिथला डाव्या हाताचा व्हॉल्व्ह, दांडी उलटी लागल्यामुळे, हवा भरायची सोडून फुस्सकन सोडू लागला. बस उंटासारखी एका अंगावर बसायला लागली.

"साहेब, डावीकडे पळा!"

तिघंही डावीकडे धावले. उजवी बाजू हलकी होऊन उचलली, तशी त्या उलट्या व्हॉल्व्हनं तिथे हवा कोंबली. ती बाजू ताडकन वर गेली आणि तिघं दारावर आदळले.

"उजवीकडे!"

अशा चार येरझाऱ्या झाल्या. कंगवे, कात्र्या, पावडरचे डबे पायांत लोळत होते. शेवटी निरीक्षक बरोबर मधोमध पाय फाकून उभे राहिले. "कुणी हलू नका! काटा मध्यावर आलाय." जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासणारा माणूस स्वतःच वजन होऊन बसला होता.

"असं किती वेळ उभं राहायचं?" काकूंनी विचारलं.

"ताई येईपर्यंत," आप्पा पुटपुटले.

"ताई परवा येणार आहेत!"

काकू दोरीवरून चालल्यासारख्या बसच्या मधोमध पाऊल टाकत ड्रायव्हरच्या जागेशी गेल्या. त्यांनी पंप बंद केला आणि फुग्यांची सगळी हवा सोडणारी चावी फिरवली. बस सुस्कारा टाकत खाली बसली. निरीक्षक फेसासकट उतरले आणि तसेच घरी गेले.

दोन दिवसांनी ताई आल्या, बसखाली डोकावल्या आणि पोट धरधरून हसल्या. "आप्पा, उजव्या पायात डावी चप्पल घातलीत!"

यावेळी त्या सोबत दुकानात गेल्या, पण दाराशीच थांबल्या. "तुम्हीच निवडा."

आप्पांनी जुने व्हॉल्व्ह काउंटरवर ठेवले आणि एकेक नवा शेजारी लावून पाहिला. बराच वेळ गेला. मग त्यांनी दोन मळकट, करडे नग पुढे सरकवले.

"हेच का?" ताईंनी विचारलं.

"एकाची दांडी डावीकडून, दुसऱ्याची उजवीकडून. लांबी जुन्याइतकी, नळ्यांची भोकं जागच्या जागी. आणि हे जरा थांबून काम करतात. गिऱ्हाईक शिंकलं म्हणून बस उडी मारणार नाही."

दुकानदारानं चकचकीत जोडी परत घेतली, पण पुढच्या वेळी आपलं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, या अटीवर.

ताईंनी व्हॉल्व्ह बसवले. काकू स्वतः जाऊन निरीक्षकांची समजूत काढून आल्या. ते धास्तावूनच बसले. बस किंचित दबली, क्षणभर थांबली आणि अलगद सपाट झाली. आप्पांनी श्वास सोडला, तोही जपूनच.

आता आप्पा या विषयातले जाणकार आहेत, निदान त्यांना तसं वाटतं. परवा एक ट्रकवाला केस कापायला आला आणि सहज म्हणाला, गाडी एका बाजूला झुकते. झालं! कात्री हवेत थांबली. तासाभरानंही तो अर्ध्या डोक्यानं बसलेला होता.

"काका, उरलेले केस?"

"ते कुठे पळतायत!" आप्पा म्हणाले. "आधी सांगा, तुमची दांडी कोणत्या हाताची?"