म्यूट केलेली गिटार

असे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण आधी "माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही" म्हणतो आणि पुढच्याच ओळीत पांढरी साडी आणतो. माझ्या अनुभवात साडी नाही, पिंपळ नाही, अमावास्या नाही. रविवारची दुपार आहे, रोह्यातलं एक मंगल कार्यालय आहे आणि दीड-पावणेदोनशे माणसं आहेत. शिवाय मी पेणचा साऊंडवाला. सव्वीस वर्षं गणपती, हळदी आणि सभा केल्या. स्पीकर आपोआप घुमायला लागला की लोक देवाचं नाव घेतात, मी केबल बदलतो. आवाज जिथून निघतो तिथूनच येतो, एवढी एकच श्रद्धा मी आयुष्यात बाळगली.

अनंत माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्यासाठी अंत्या. कॉलेजात असताना आम्ही दोघं एसटीनं मुंबईला एक रॉक शो बघायला गेलो होतो. ड्रमचा पहिला ठोका कानात नाही, छातीत बसला. मग गिटार सुरू झाली आणि माझ्या हातावर काटा आला. तीच गाणी कॅसेटवर शंभरदा ऐकली होती हो... पण समोर माणूस उभा आहे, त्याच्या बोटाखाली तार ओढली जातेय, आणि चूक झालीच तर आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर होणार – ही गंमत कॅसेटमध्ये नसते. तो काटा माझ्या अंगावर आजही येतो, आणि वय झालं म्हणून कमी येत नाही. परतीच्या गाडीत अंत्या म्हणाला, मी हे वाजवणार. मी म्हटलं, मग मी ते लोकांपर्यंत पोचवणार. पुढे तो रोह्याला केमिकल कंपनीत लागला, मी पेणला दुकान टाकलं, आणि दोघांनीही शब्द पाळला.

बँड तिघांचा. ड्रमवर रोह्याचे नझीरभाई, फर्निचरचं काम करणारे. गायला आणि साथीच्या गिटारला पेणजवळच्या जोह्याचा विलास, जो एरवी गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवतो. एकट्यानं वाजवायचे सोलो मात्र दाढीवाल्या अंत्याचे. शिफ्ट सांभाळून वर्षाला दोन-तीन शो व्हायचे, ब्लूज आणि जुना रॉक. ऐकायला कंपनीतले लोक, त्यांच्या बायका, आणि ऑर्केस्ट्रा आहे असं समजून आलेले चार-पाच जण.

तीन वर्षांपूर्वी अंत्याचे कान गेले. आधी आत शिट्टी वाजायची, मग एक कान गेला, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, नस गेली. मशीन लावलं की त्याला पत्र्यावर खडी ओतल्यासारखं ऐकू यायचं, म्हणून त्यानं ते काढून ठेवलं. गिटार कपाटावर गेली. आणि मग मागच्या दिवाळीआधी आम्हा तिघांना त्याचा मेसेज आला, की एक शेवटचा शो करायचा. मुलगी पुण्याहून येईल, कंपनीतले सगळे येतील. गुपचूप सोडायचं नाही, समोर उभं राहून वाजवायचं आणि मगच सोडायचं.

गणपती गेले की जोह्याचे मूर्तींचे कारखाने रिकामे असतात, म्हणून प्रॅक्टिस विलासच्या कारखान्यात केली. ताल अंत्यानं पायांनी पकडला. चपला काढून तो मॉनिटरला, म्हणजे वाजवणाऱ्यासमोरच्या छोट्या स्पीकरला, पाऊल लावून उभा राहायचा आणि मी त्यात फक्त ड्रम सोडायचो. पण ब्लूजमध्ये तार बोटानं ओढून सूर चढवतात, आणि किती ओढायची ते कुठे लिहिलेलं नसतं. ते कान सांगतो. अंत्याची तार कधी अलीकडे राहायची, कधी पलीकडे जायची. ऐकवत नव्हतं. तो डोळे मिटून, तल्लीन होऊन वाजवत होता आणि आम्ही तिघं जमिनीकडे बघत होतो.

चहा घेताना विलासनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, बाकीची गाणी निभतील, पण शेवटच्या संथ गाण्यातला मोठा सोलो सगळ्यांसमोर फजिती करणार. तेवढ्यापुरती त्याची गिटार बंद कर, मी त्या जागी वाजवतो. त्याला कळणार नाही, लोकांनाही नाही. मला तिडीक आली... आणि मी हो म्हटलं. पोरीसमोर मित्राची शोभा होऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

आता नीट वाचा, कारण पुढच्या शंका मला आधीच विचारून झाल्या आहेत. स्टेजवर अंत्याचा स्वतःचा स्पीकर म्हणजे अॅम्प नव्हता. ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतच नेतो, म्हणून मीच ठेवू दिला नव्हता. त्याच्या गिटारची केबल सरळ माझ्या मिक्सरला. नुसती इलेक्ट्रिक गिटार तारेवर किती वाजते? समोरच्या खुर्चीला ऐकू आली तरी खूप.

शेवटचं गाणं आलं. मी हेडफोन लावला, सोलो सुरू व्हायच्या आत म्यूट दाबलं. लाल दिवा लागला. विलासनं वाजवायला सुरुवात केली आणि दोनच ओळींत थांबला. हात तारांवरून उचलून माझ्याकडे बघत राहिला. हेडफोनमध्ये फक्त ड्रम. मी वैतागलो, म्हटलं आता ह्याला काय झालं, आणि हेडफोन काढला.

हॉलभर अंत्याची गिटार वाजत होती.

दिवा बघितला. लालच. केबल उपटून हातात घेतली. गिटार चालूच. मग मी उठलो आणि स्पीकरला कान लावला – स्पीकरमधून नुसते ड्रम येत होते. दुसऱ्या स्पीकरलाही तेच. आवाज स्पीकरचा नव्हता. हॉलमध्ये कुठेही उभं राहिलं तरी सारखाच येत होता, आणि असं होत नसतं, हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. भीती? नाही वाटली. मी केबल हातात धरून भिंतीला टेकलो आणि रडलो. कॉलेजातला तोच काटा डोक्यापासून पायापर्यंत. चार मिनिटं तो वाजवत होता. शेवटची तार सुटली आणि माणसं उभी राहिली.

कार्यालयात चहा देणाऱ्या मावशी नंतर मला म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत नाय. पण त्या दाढीवाल्यानं वाजवलं ना, माझा चहा ट्रेमधेच गार झाला."

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये विलासच्या दोन ओळी सोडल्या तर ती चार मिनिटं नुसते ड्रम आहेत. ते समजू शकतो, चॅनलच बंद होता. पण अंत्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, मोबाईलवर व्हिडिओ काढलाय. त्यातही ड्रमच. मध्येच वहिनींचा आवाज येतो, मुलीला विचारतायत, "ऐकतेस ना गो?" मुलगी म्हणते, "हो आई." आणि दोघींच्या मागे ड्रमशिवाय काहीच नाही. एका जागी सगळा हॉल एकदम टाळ्या वाजवतो. कशाला, ते व्हिडिओत नाही.

पंधरा दिवस मला झोप लागेना. त्या आवाजामुळे नाही, म्यूटमुळे. शेवटी रोह्याला गेलो आणि अंत्यासमोर बसून मोबाईलवर टाईप केलं, की त्या सोलोला मी तुझी गिटार बंद केली होती. विलासचं नाव घातलं नाही. बटण मीच दाबलं होतं.

त्यानं वाचलं. हल्ली तो जरा मोठ्यानं बोलतो, तसंच म्हणाला, "ठाव हाय मला. तुझा हात जाताना बघितला मी."

मी टाईप केलं, मग थांबला का नाहीस?

"तू बंद केलीस म्हणून मी कशाला थांबू?" म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही.

मग मी बाकीचं सगळं लिहिलं. लाल दिवा, उपटलेली केबल, उभी राहिलेली माणसं. त्याला वाटत होतं टाळ्या दयेच्या होत्या. मी विचारलं, तुला काही ऐकू आलं का रे? त्यानं मोबाईल माझ्याकडे सरकवला. "नाय," म्हणाला. "कायपण नाय." आणि मग, "कसं वाजलं?"

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं, आणि ज्यानं वाजवलं त्यालाच नाही. ऐकवायला रेकॉर्डिंग नाही, आणि असतं तरी त्याचा उपयोग नाही. त्या दिवशी मी "मस्त वाजलं" एवढंच टाईप केलं. ते कसं घडलं हे मला आजही सांगता येत नाही. इतर साऊंडवाल्यांना विचारलं, त्यांनाही नाही. ज्यांना घुमणं, प्रतिध्वनी, दूरची दुसरी गिटार वगैरे सुचेल त्यांनी खुशाल सुचवावं, मी ते सगळं तपासून बसलोय. हे लिहिलंय एका माणसासाठी, कारण त्याला आता वाचूनच कळणार.

अंत्या, प्रत्येक तार जागेवर पोचली होती. ना अलीकडे, ना पलीकडे.