बिनआरशाचा कॅमेरा आणि दोनदा बारसं

शुद्धलेखन आणि अक्षर, दोन्हींसाठी आधीच माफी मागते. शाळा चौथीला सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने लावते. आणि अक्षर असं आहे की वाणी माझी यादी हातात आली की आधी ती कुठल्या बाजूने धरायची ते विचारतो. पण चार माणसांत बोलायला गेले की माझा आवाज बसतो, म्हणून लिहून ठेवते. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागितलेली बरी.

तर, माझ्या नातवाचं बारसं एकाच दिवशी दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा त्याचं नाव एकच ठेवलं.

याला कारण मी. आणि थोडासा कॅमेरा.

कॅमेरा माझ्या लेकीचा, पल्लवीचा. ती अंधेरीला एका साड्यांच्या दुकानासाठी फोटो काढते. साडी बाहुलीला नेसवायची, कॅमेरा तिकाटण्यावर उभा करायचा, मागच्या पडद्यावर बघायचं आणि बटण दाबायचं. हा कॅमेरा तिने कुणाकडून तरी जुना घेतला. म्हणाली, "आई, हा मिररलेस आहे. म्हणजे याच्यात आरसा नसतो." मी म्हटलं, आरसा नाही तर स्वस्त पडला असेल. तिने किंमत सांगितली. मी पाणी पिऊन आले.

आमच्या सुनेचं, रेश्माचं माहेर विलेपार्ल्याला. बारसं तिकडेच ठरलं. माझी विहीणबाई फार टापटिपीची बाई. त्यांच्या घरी पायपुसण्यालासुद्धा इस्त्री असते (मी हात लावून बघितलंय). त्या फोनवर म्हणाल्या, फोटोग्राफर आम्ही ठरवतो. आणि मी, जी रिक्षावाल्याला "इथेच थांबा" म्हणायलाही लाजते आणि पुढच्या सिग्नलला उतरून मागे चालत येते, ती मी म्हणाले, "नको. फोटोंचं सगळं आमच्याकडे. खर्चसुद्धा आमचाच." कुठून शब्द आले देव जाणे. फोन ठेवल्यावर ह्यांनी मला ताप आहे का ते बघितलं.

घोळ दुसऱ्या दिवशी लक्षात आला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. ती पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' करते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आणि बाळाची आत्या म्हणजे पल्लवीच! बाकी सगळे फोटो ती काढेल, पण ज्या एका फोटोसाठी एवढा खटाटोप, त्या वेळी ती स्वतः पाळण्यात वाकलेली असणार. माझा मुलगा संतोष बाळाचा बाप, तो पाळण्याशी. आमचे हे फोटो काढतात त्यात माणसांची डोकी नसतात. उरले मी.

"सोपं करून देते तुला," पल्लवी म्हणाली. "या कॅमेऱ्यात ज्या बटणाला जे काम सांगशील ते तो करतो. हवं तेव्हा बदलायचं."

घरात असं सांगितलेलं ऐकणारं पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. आमच्याकडे ह्यांना लग्नात जे काम नेमून दिलं, तेच अजून चालू आहे. पेपर.

पण बटणांवर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. ते मला कुठून कळणार? यावर मी स्वतःच तोड काढली. मी घरी टिकल्यांची पाकिटं भरते. शेठचा माणूस टिकल्यांचे गठ्ठे आणून देतो, त्या कार्डावर ओळीने चिकटवून द्यायच्या. त्यामुळे आमच्या घरात टिकली कुठेही सापडते, एकदा वरणात सापडली होती. मी बटणांवर टिकल्या लावल्या. लाल टिकलीला पल्लवीने माणसाचा डोळा शोधून धरायचं काम दिलं. हिरवीला आवाज बंद, म्हणजे बाळ दचकायला नको. पिवळीला उजेड वाढवायचा. आणि एका बटणाने सगळ्या कामांची यादीच उघडायची, चित्राचित्रांची पट्टी यायची. त्याच्यावर काळी टिकली.

"काळीला हात लावायचा नाही," पल्लवी म्हणाली. "ती लागली तर सगळ्यांची कामं बदलतील. लक्षात राहील?"

"काळी दृष्टीची असते गं. तिला कोण हात लावतं?"

मी आठवडाभर सराव केला. कुकरचे फोटो काढले. ह्यांचे काढले. हे दुपारी झोपलेले असायचे, त्यामुळे लाल टिकली डोळा शोधून शोधून दमायची आणि शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या देवाचा धरायची.

बारशाच्या दिवशी सगळं छान सुरू झालं. पल्लवीने पाळणा काढला, फुलं काढली, विहीणबाईंच्या इस्त्रीच्या साडीतले दहा कोन काढले. मग माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवला आणि ती बाळाकडे गेली. बायका बाळाला पाळण्याच्या वरून खालून देऊ लागल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी हिरवी दाबली, लाल दाबली, मागच्या पडद्यावर बघितलं. खिडकीतून ऊन थेट पडद्यावर! काही दिसेना. शेजारी विहीणबाईंची बहीण होती, ती म्हणाली, वरच्या त्या छोट्या खिडकीला डोळा लावा, लग्नातले फोटोग्राफर लावतात तसा.

मी लावला. आणि काय सांगू! आत सगळी खोली दिसत होती, आणि मी कुणालाच दिसत नव्हते. तोंडापुढे एवढा मोठा कॅमेरा. लाजऱ्या बाईला आणखी काय हवं? मी डोळा चांगला दाबून, कपाळ टेकवून आत बघत राहिले. घामाने चेहरा भिजला होता, पण मी हलले नाही. शेवटी संतोषने पाळण्याशी जाता जाता कोपराने ढोसलं तेव्हा कॅमेरा खाली घेतला.

तेवढ्यात विहीणबाईंचं लक्ष गेलं. "अहो विहीणबाई, कपाळ मोकळं तुमचं!"

सगळ्या बायका वळल्या. टिकल्या चिकटवून चार पैसे मिळवणारी बाई, आणि तिचीच टिकली पडलेली! मी जमिनीवर शोधू लागले. विहीणबाईंनी त्यांच्या पर्समधली एक मोठी मरून टिकली काढून माझ्या कपाळावर लावली आणि अंगठ्याने अशी दाबली की मी एक पाऊल मागे गेले.

मग कॅमेऱ्याकडे बघितलं, तर पडदा काळा.

पिवळी दाबली. उजेड वाढेल असं वाटलं. नाही. लाल दाबली, हिरवी दाबली. नाही. छोट्या खिडकीत बघायचं सुचलं का? नाही सुचलं. लाइट गेल्यावर बाहेरची खोली काळोखी असेल तर आतल्या खोलीत जाऊन कोण बघतं? मी पल्लवीकडे बघितलं. तिने पाळण्याजवळून भुवया उडवल्या. मी मान हलवली. तिने तोंडाने विचारलं, काळी दाबलीस?

मी परत मान हलवली. तोपर्यंत खरंच दाबली नव्हती. पण तिने आठवण केली ना! मग दाबली. मग आणखी दाबली.

संतोष आला, त्याने बॅटरी काढून घातली. हे आले. ह्यांनी कॅमेरा हात लांब करून धरला, चष्मा वर केला आणि जुन्या रेडिओला मारायचे तशी त्याला एक चापट मारली. मग दोघांनी मिळून सगळी बटणं दाबली. चाकं फिरवली. तिकडे पाळण्याशी बायका थांबलेल्या. थांबायचं म्हणजे नुसतं कसं थांबणार, म्हणून त्यांनी परत गोविंद घ्या गोपाळ घ्या सुरू केलं. ते संपलं, परत केलं. बाळ वरून खाली, खालून वर, आकाशपाळण्यासारखं फिरत होतं. शेवटी ते जागं झालं आणि रडायला लागलं.

"आता किती वेळ?" रेश्माने विचारलं. तीही रडायच्या बेतात होती.

एक आजीबाई म्हणाल्या, मुहूर्त टळतोय, आटपा. आणि त्यांनी वाट न बघता पल्लवीच्या पाठीत पहिला धपाटा घातला. पाठोपाठ सगळ्यांनी घातले. पल्लवीला काही इलाज राहिला नाही. ती वाकली आणि 'कुर्रर्र' करून बाळाच्या कानात नाव सांगितलं, नील. मी ह्यांच्या हातून कॅमेरा ओढून घेतला, पाळण्याकडे रोखला आणि मोठं बटण दाबत राहिले. आवाज नाही, उजेड नाही. मेलेल्या कॅमेऱ्याचं बटण मी देवाचं नाव घेत दाबत होते.

संपलं. नाव ठेवलं गेलं. बाळ जन्मात एकदाच आत्याकडून नाव घेतं, आणि त्याचा फोटो नाही. माझ्या एका बढाईपायी.

विहीणबाईंनी फोन उचलला आणि गल्लीतल्या स्टुडिओवाल्याला बोलावलं.

तो आला आणि बारसं परत झालं. परत गोविंद घ्या. परत आत्या वाकली. त्या स्टुडिओवाल्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं, हात वर धरून थांबायला सांगितलं, धपाटे मारताना माझ्याकडे बघून हसा म्हणाला. इतके शिस्तीत धपाटे मी कधी बघितले नव्हते. बाळ या वेळी रडलं नाही. त्याला नाव पाठ झालं असावं.

काम झाल्यावर मी हळूच जाऊन आमचा कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "दादा, हा गेला का हो कायमचा?"

त्याने घेतला आणि छोट्या खिडकीला डोळा लावला. "चालू आहे की." मग उलटा करून बघितला, खिडकीच्या वरच्या कडेला नख घातलं आणि काहीतरी सोडवलं. बोटाच्या टोकावर धरून माझ्यापुढे आणलं.

"मावशी, हे तुमचं का?"

माझी टिकली होती.

त्याने समजावून सांगितलं. त्या जागी एक बारीक डोळा असतो. तिथे काही आडवं आलं की कॅमेऱ्याला वाटतं माणूस खिडकीतून बघतोय, मग तो मागचा पडदा बंद करतो आणि सगळं आत दाखवतो. म्हणजे आम्ही बडवत होतो तेव्हा आत व्यवस्थित उजेड होता, याद्या उघडत होत्या, कामं बदलत होती. फक्त बघायला कुणी नव्हतं.

"अगं आई," पल्लवी म्हणाली, "मी साड्यांना कधी त्या खिडकीतून बघितलंच नाही." ती स्वतःवर चिडली होती की माझ्यावर, ते मी विचारलं नाही.

सगळ्या बायका माझ्या कपाळावरच्या मरून टिकलीकडे बघत होत्या. मग कुणीतरी हसलं आणि मग कुणीच थांबेना. मीही हसले. दुसरं काय करणार? आरसा असलेला कॅमेरा घेतला असता तर कपाळ मोकळं झालेलं मला तेव्हाच दिसलं असतं, असं मी म्हणाले. त्यावर तो स्टुडिओवाला काहीतरी समजावायला लागला, पण त्याला कुणी बोलू दिलं नाही.

पडदा उजळला होता, पण कॅमेरा आता कुठल्यातरी परक्या भाषेत बोलत होता. लाल टिकली उजेड वाढवत होती, पिवळी आवाज बंद करत होती, आणि हिरवी माणसांऐवजी जनावरांचे डोळे शोधत होती (तिने एकदा ह्यांचा धरला). पल्लवीने काढलेले फोटो उघडले. तिचे झाल्यावर माझे सुरू झाले. विहीणबाईंच्या पायाचा अंगठा. पंखा. माझी हनुवटी, खालून. ह्यांचा पंजा, चापट मारायच्या क्षणी, सबंध पडदाभर. परत अंगठा.

आणि मग तो आला.

पाळणा तिरका. पल्लवी वाकलेली, तोंड 'कुर्रर्र'मध्ये उघडं, पाठीवर सगळ्या बायकांचे हात, एका आजीबाईंचा पदर डोक्यावरून उडालेला. बाळ भोकाड पसरून रडतंय. आणि पल्लवीची नजर कानाशी नाही, बाळाशी नाही, थेट कॅमेऱ्यावर. माझ्यावर. ती नजर मी जन्मात विसरणार नाही, आणि आता विसरता येणारही नाही, कारण विहीणबाईंनी तोच फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. स्टुडिओवाल्याचे फोटो कपाटात गेले. त्यात सगळे रेशनकार्डावरच्यासारखे हसतात.

पण स्टुडिओवाल्याचे पैसे विहीणबाईंनीच दिले होते, आणि खर्च आमचा हे बोलणारं तोंड माझं होतं. त्या म्हणाल्या, राहू द्या हो. मी नाही ऐकलं. ह्यांच्याकडे मागितले नाहीत (रक्कम इथे लिहीत नाही, कागद ह्यांच्या हाती लागायचा). टिकल्यांची पाकिटं जास्त घेतली आणि जमतील तसे नेऊन दिले. एका टिकलीचे पैसे फेडायला किती टिकल्या चिकटवाव्या लागतात, ते मला विचारा.

परवा शेवटचे नेले. बाळ पाळण्यात जागं होतं, भिंतीवरून पल्लवी रागाने बघत होती. विहीणबाईंनी नोटा हातात घेतल्या आणि एकेक मोजू लागल्या. शेवटच्या नोटेशी थांबल्या. ती नोट त्यांच्या बोटाला सोडेना. मग त्यांनी नखाने काहीतरी सोडवलं, खिडकीकडे नेऊन उजेडात बघितलं, आणि आधी माझ्या कपाळाकडे बघितलं.

"तिथली जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "ही तुमची जादा आली." आणि ती टिकली त्यांनी माझ्या तळहातावर नीट चिकटवून परत दिली.

पैसे पूर्ण फिटले.